काएरेची दुसरी टेकडी

अबुधाबीच्या त्या संग्रहालयात ग्रेसी आपल्या पतीची हत्यारांची पेटी नेण्यास आली होती. प्रदर्शनाची मांडणी संपताच सुतार ॲल्फ्रेडचे हृदय थांबले. देह अद्याप शवागारात होता. तो वसईला न्यावा हा तिचा हट्ट, आणि इथेच दफन करावे हे मुलाचे, जेसनचे, म्हणणे. आज निर्णय कळवायचा होता.

"मम्मी, वसईला आता आपलं कोण आहे? घराला कुलूप. मी इकडे, तुझी लेक शेनॉन तिकडे अजमानला."

"तुझे आजा-आजी आहेत ना, मातीत! आणि डॅडींच्या शेजारची जागा माझी."

प्रदर्शनाच्या अधिकारी नबिला यांनी त्यांना ॲल्फ्रेडचे अखेरचे काम दाखवले. इटलीतील एत्रुस्कन लोकांच्या काएरे या प्राचीन नगरीची ती लाकडी प्रतिकृती होती. दोन टेकड्या, मधून ओढा. एका टेकडीवर रस्ते, दारे, घुमटांच्या रांगा, दुसरी उघडीबोडकी.

ग्रेसी उघड्या टेकडीकडे वळली. "अर्धंच टाकून गेले. घरच्या फडताळाचंही असंच केलं होतं."

"नाही आँटी, काम पूर्ण आहे," नबिला मृदुपणे म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले. काएरेच्या लोकांनी स्वतःसाठी माती-लाकडाची घरे बांधली. मृतांसाठी मात्र खडक कोरला. आत शय्या, उशा, छताचे वासेसुद्धा दगडाचे. पुढे रोमने नगरीचे वैभव ग्रासले, आणि काळाने जिवंतांची टेकडी पुसून टाकली. घुमट उरले ते मृतांचे.

"मग हा ओढा एवढा अरुंद कसा?" ग्रेसीने विचारले.

"तसाच आहे. सकाळी दार उघडलं की पलीकडे आपली गेलेली माणसं."

ग्रेसीने उघड्या टेकडीवरून बोट फिरवले. वसईचे कुलूपबंद दार तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तिथून पलीकडे पाहणारे आता कोण होते?

"जेसन, इथलं कबरस्तान लांब आहे का रे?"

"नाही. गाडीनं लगेच पोचतो."

"दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मेणबत्ती लावशील?"

"लावीन. शेनॉनलाही आणीन."

"आणि शेजारची जागा?"

जेसनने मान खाली घातली. "राखून ठेवता येत नाही, मम्मी. विचारलं मी."

मग पेटी उचलून तिने मुलाच्या हाती दिली.

"कर फोन. इथेच ठेवू त्यांना. तू मात्र ओढ्याच्या अलीकडेच राहा, त्यांच्यापासून दूर जाऊ नकोस."