सिस्टरला नापास व्हायचं होतं

त्या इस्पितळाचा एक नियम होता. कॅन्सरच्या वॉर्डाचं काम जी नर्स शिकली, तिची दुसऱ्या वॉर्डात बदली. शिकलेलं माणूस एका जागी गंजू नये, असं बडे साहेब म्हणत. त्यांच्या हुशारीला तोड नव्हती. एक शिकली, ती बाळंतिणींकडे गेली. दुसरी शिकली, ती हाडांकडे. कॅन्सरकडे कायम नवशिक्याच उरत, म्हणून प्रशिक्षणही कायम चालू राही. परीक्षा घ्यायला परदेशी पाहुणे येत, फोटो निघत, सगळे खूश.

यंदा नंबर लागला सिस्टरचा. तिला काळजी लागली ती वॉर्डातल्या पेशंट शिंपीणकाकूंची. मागे एका नवशिकीच्या हातून औषध शिरेबाहेर झिरपलं आणि काकूंचा हात भाजल्यासारखा सोलून निघाला. तेव्हापासून त्या सिस्टरखेरीज कुणाला हात धरू देत नव्हत्या. ती नसेल तर औषध बंद, मी घरीच मरेन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आणि काकू बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या.

मग सिस्टरने नापास व्हायचं ठरवलं. परीक्षेत तिने मन लावून चुका केल्या. सरावाच्या रबरी हातात शीर सोडून सुई थेट कोपरात खुपसली, वर त्या हाताला "दुखतंय का?" असंही विचारलं. परीक्षा घेणाऱ्या परदेशी पाहुण्या बाईंचा चेहरा पडला. सिस्टरला लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

बडे साहेब मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नापास नर्स म्हणजे अहवालाला डाग. त्यांनी सरसकट सगळ्यांना पास केलं. सिस्टरने तर रबराचीही विचारपूस केली, म्हणून तिला सर्वांत कनवाळू नर्सचं बक्षीस दिलं आणि डोळ्यांच्या विभागात पाठवलं. घरी जाऊन ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

नव्या विभागात पहिल्याच सकाळी रांगेत सगळ्यांत पुढे शिंपीणकाकू. यांची नजर अशी की आजही चष्म्याशिवाय दोरा ओवतील. सिस्टरने घाबरत विचारलं, डोळ्यांना काय झालं?

"डोळ्यांना काय धाड भरलीये?" काकूंनी बाही वर केली. "तू सुई तेवढी शिरेत लावून दे गं बाई. तिकडे औषध घ्यायला मी चालत जाते."

सिस्टरने मान वर करून पाहिलं. काकूंच्या मागे कॅन्सरचा अख्खा वॉर्ड उभा होता, एकेक बाही वर सरकवून.