भाड्याने की विकत

दुकानदाराने पावतीपुस्तकात कार्बनचा कागद सरकवला, पेन झटकलं आणि विचारलं, "किती महिने लिहू?"

काका समोरच्या ऑक्सिजनच्या मशीनकडे बघत राहिले. पांढरं, खाली चाकं लावलेलं, गुडघ्याच्या वर येईल एवढं ते मशीन होतं. कुणाच्या तरी घरून नुकतंच परत आलं असावं. कडेला लहान मुलाने चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकर अर्धवट खरवडून काढलेला होता.

"भाड्याचे किती महिने लिहू, काका? निदान एक लिहावा लागतो. सहा लिहिलेत तर थोडे कमी करून देतो."

"काय म्हणालात?"

खरं तर त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. छापखान्यात मशीनवर उभं आयुष्य गेलं होतं, कान कामातून गेले होते, हे सगळं खरं. पण दुकानदाराचा आवाज खणखणीत होता आणि तो हातभर अंतरावर उभा होता. तरी काकांनी पंजा कानामागे नेला. दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं, ते फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकलं.

एक म्हणायला जीभ उचलेना. बारा म्हणावं तर बारा महिन्यांच्या भाड्यात दीड मशीन विकत आलं असतं. आठ महिन्यांचं भाडं म्हणजे नवीन मशीन, हे बायकोने घरून निघताना दोनदा पढवलं होतं. म्हणजे आठच्या आत भाडं, आठच्या पुढे विकत. हिशेब चोख होता. फक्त त्यात एक आकडा आपल्या तोंडाने बोलावा लागणार, हे तिने सांगितलं नव्हतं.

"विकत केवढ्याला पडेल?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. आतून खोक्यातलं नवीन मशीन आणलं, त्यातल्या त्यात स्वस्त, आणि चालू करून दाखवलं. "आवाज अगदी कमी आहे बघा," तो म्हणाला.

काकांनी कान देऊन ऐकलं. लांब कुठेतरी काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं, तेवढंच. "कमी आहे," त्यांनी मनापासून मान डोलावली.

"पाच वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का?"

"त्याहून जास्त नसते का?"

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं. नसते, म्हणाला. त्यानंतर त्याने काहीही विचारलं नाही. विकत घेणाऱ्याला महिने विचारत नाहीत. काका बाहेर पडले तेव्हा त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं.

त्यांच्या बायकोला आख्खा गोतावळा काउंटरमावशी म्हणायचा. विजेच्या वस्तूंच्या दुकानात ती काउंटरवर होती, आणि निवृत्त झाल्यावरही कुणाचं मिक्सरपासून मोबाईलपर्यंत काही तिला विचारल्याशिवाय घरात येत नसे. भाचे दुकानातून फोन लावायचे. "मावशी, हा म्हणतो दोन दारांचा फ्रीज घ्या." "घरात माणसं किती तुम्ही? दोन. मग दुसऱ्या दारात काय त्याला ठेवणार आहेस?" तिचा सगळ्यात मोठा राग एक्स्टेंडेड वॉरंटीवर. ती तिने स्वतः ढिगाने विकली होती, म्हणून राग.

आता तिची फुप्फुसं कडक होत चालली होती. मागच्या वेळी दम लागला तेव्हा हॉस्पिटलात घशात नळी घालून ठेवली होती. हात कॉटला बांधलेले, कारण ती नळी ओढून काढायची. परत आली तेव्हा तिच्या आवाजाचा नुसता चोथा उरला होता. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, किती दिवस. डॉक्टर पेनाला टोपण लावत म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं, वापरावर अवलंबून आहे. मावशीला हसू आलं. फ्रीज किती वर्षं चालेल असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती स्वतः हेच सांगायची.

घरी आल्यावर तिने ठरवून टाकलं. तिचं मशीन भाड्याने, फुलपाखरू असलेलंच, कारण तिने फोनवर दुकानदाराला ते चालू करायला लावून त्याचा आवाज खरंच कमी आहे हे ऐकून घेतलं होतं. आणि काकांचं कानाचं मशीन विकत. ते तिने कधीच पसंत करून ठेवलं होतं. मागचा गोंगाट मागे ठेवून माणसाचं बोलणं पुढे काढणारं. महाग होतं, पण पैसे त्यासाठीच बाजूला टाकले होते.

"माझा आवाज बसत चाललाय, तुमचे कान बसत चाललेत," ती म्हणाली होती. "दोघांपैकी एक तरी दुरुस्त करून घेऊ. जे टिकेल ते."

त्यामुळे टेम्पोतून नवं कोरं खोकं उतरलं, त्यामागोमाग पिशवी सांभाळत काका उतरले आणि त्यांनी वॉरंटीचं कार्ड तिच्या हातात दिलं, तेव्हा मावशीला काय झालं हे समजायला हिशेबाची गरज नव्हती.

"पाच वर्षं?" ती म्हणाली.

"त्याहून मोठी नव्हती."

ती हसायला लागली आणि हसता हसता खोकल्याने वाकडी झाली. मुलीने पाठीवर हात ठेवला. नोकरी अर्धवेळ करून मुलगी आईपाशी राहायला आली होती.

"मी ही कुणाला विकायचे माहीत आहे?" श्वास परत आल्यावर मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं की त्याला. परत करून या."

"उघडलेलं परत घेत नाहीत."

"आणि तुमचे कान?"

"माझं काय अडलंय?" काका म्हणाले. "मला कोण गाणं म्हणून दाखवणार आहे?"

मशीन चालू झालं. काकांना दुकानात कमी वाटलेला आवाज त्या एका खोलीत मावेना. एकसारखी घरघर, आणि दर थोड्या वेळाने आतून कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा फुस्स आवाज. मावशीच्या नाकात नळी गेली, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा हळूहळू वर चढला. तिने डोळे मिटले. मग उघडले आणि काहीतरी म्हणाली.

"काय?" काका म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली.

"काय?"

तिने हात लांब करून मशीन बंद केलं. "पाणी," ती म्हणाली, आणि पुन्हा चालू केलं.

तसंच होऊन बसलं. मशीन स्वयंपाकघरात ठेवून पाहिलं, तर नळी पुरेना. लांब नळी लावली तर बोटावरचा आकडा खाली यायचा. मुलीने पाटी आणली. मावशीने तिच्यावर एकदा "मीठ" लिहिलं आणि ती उशाखाली सरकवून दिली. नवऱ्याशी लिहून बोलायला मी काय परदेशात आहे का, म्हणाली. काही सांगायचं असलं की ती मशीन बंद करायची, बोलायची, चालू करायची. आधी पाणी, पंखा, गोळी. मग हळूहळू लांबलचक. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा. कुठल्या बरणीत काय. कुठल्या भाच्याला कधी काही उसनं द्यायचं नाही. काकांना ते आवडायचं. त्यांना वाटायचं, त्या घरघरीचा तिला कंटाळा येतो, म्हणून मधे मधे विसावा घेते. खुर्ची ओढून ते तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायचे.

एका दुपारी ती त्यांना वॉशिंग मशीनबद्दल सांगत होती. लोकरीचे कपडे टाकायचे नाहीत, पावडर अर्धीच घालायची, कंपनीवाले दुप्पट सांगतात. मुलगी ऑफिसातून आली आणि दारातूनच चपलांसकट आत धावली. मावशीचे ओठ जांभळे पडले होते. मुलीने मशीन चालू केलं आणि काकांचं मनगट धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा, ती बंद का करते कळतंय का तुम्हाला?"

"आवाजाने डोकं उठतं तिचं."

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून बंद करते. ते बंद असलं की तिला श्वास मिळत नाही. ती श्वास न घेता बोलते तुमच्याशी."

हे मुलीला त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. काका ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, झटकलं, घडी केली, पुन्हा उलगडलं.

त्या संध्याकाळपासून काकांना सगळं ऐकू यायला लागलं.

मावशीचे ओठ हलले की ते "हो" म्हणायचे. तिचा हात बटणाकडे जायच्या आत म्हणायचे. "हो, हो, आलं ध्यानात." तिने पंखा बंद करा म्हटलं की पाणी यायचं, पाणी म्हटलं की खिडकी उघडायची. एकदा तिने मुलीकडे डोळे मिचकावून म्हटलं, "अहो, घराला आग लागलीय."

"हो," काका म्हणाले. "बघतो उद्या."

मुलीला हसू आवरेना. मावशीही हसली. मग हसणं ओसरलं आणि ती बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. तो खुर्चीत ताठ बसला होता, नजर तिच्या ओठांवर, तोंडात तयार ठेवलेला "हो". तिचा हात बटणाकडे पुन्हा कधी गेला नाही. बटण दाबलं तर हा माणूस कानावर हात ठेवून बसेल, हे तिला कळलं होतं. त्याचं हे सोंग तिच्यासाठी होतं, आणि ते मोडायला तिच्यात दम नव्हता.

पुढे बोटावरचा आकडा मशीन चालू असतानाही खाली राहायला लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आणखी खाली गेला तर लगेच आणा, पुन्हा नळी घालावी लागेल, सही करायला यजमानांना घेऊन या. मुलीने फोन ठेवला. मावशीने काय म्हणाले ते विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होती. काका खुर्चीत होते. मशीन घरघरत होतं.

"अहो," मावशी म्हणाली.

काका पुढे झुकले. "हो."

"मला परत हॉस्पिटलात नेऊ नका."

"हो."

"दम लागला तरी नेऊ नका. इथेच राहू द्या. नळी घालायची का विचारतील, सही मागतील. नाही म्हणा. हात बांधतात तिथे."

"हो, हो." काकांनी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"शब्द द्या."

"हो गं. सगळं करतो."

ती थांबून श्वास गोळा करत राहिली. "मशीन विकून टाका. वॉरंटी बाकी आहे, भाव बरा येईल. कान घ्या."

"हो," काका म्हणाले. आपण तिला एकदाही मशीन बंद करू दिलं नाही, याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते उठले. "चहा टाकतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

मुलीच्या हातात उशीचा अभ्रा तसाच राहिला होता.

"तू ऐकलंस," मावशी म्हणाली.

"आई, त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही."

"माहीत आहे मला."

"मग पाटीवर लिहून दे. मी वाचून दाखवते."

"ऐकू गेलं असतं तर हो म्हणाले असते का?"

भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"वेळ आली की ते गडबडतील," मावशी म्हणाली. एकेक शब्द वेगळा काढत होती. "गाडी बोलवा म्हणतील. तेव्हा सांग त्यांना. बाबा, तुम्ही तिला हो म्हणाला होतात. कानात ओरडून सांग."

"मला नाही जमणार."

"तूच आहेस ऐकणारी. दुसरं कोण आहे?"

काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात चमचा होता. ते मुलीकडे बघून, बहिऱ्या माणसांना कुजबुज वाटते त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय म्हणत होती गं? मला बरंचसं कळलं. शेवटचं तेवढं राहिलं."

मावशी डोळे उघडे ठेवून मुलीकडे बघत होती. मुलीने अभ्र्याची घडी केली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि वडिलांच्या जवळ गेली.

"चहात साखर कमी घाला म्हणाली," ती त्यांच्या कानात म्हणाली.

"एवढंच ना?" काका म्हणाले. "हो म्हणालो मी तिला."

मावशीला चहा गोडमिट्ट लागायचा. साखर कमी पडली तर आयुष्यभर ती कप तसाच परत करत आली होती. काकांनी तिला उशीला टेकवून बसवलं, कप तिच्या हातात दिला आणि खालून आपला हात धरला. तिने एक घोट घेतला. कपाच्या कडेवरून मुलीकडे पाहिलं. मग फुंकर न घालता, सावकाश, तो सगळा चहा प्यायली.

त्या दिवसापासून काका तिच्या चहात साखर कमीच घालत राहिले, आणि शेवटपर्यंत तिने तो चहा कधी परत केला नाही.