माश्यांच्या गाडीचा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. वाटणाचा नव्हे. तो दगडाचा असतो आणि स्वयंपाकघरात मानाने बसतो. मी पोलादाचा. माल वाहणाऱ्या पिकअप गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ, वाकलेल्या पट्ट्यांची एक चवड असते. तिच्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत लांब पट्टी म्हणजे मी. गाडी धुणारासुद्धा तिथे पाणी मारत नाही. अशा जागी राहणाऱ्याने स्वतःचे चरित्र सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अजूनही खात्री नाही. पण सुरुवात तर झाली आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक झालो असताना मला साच्यावर दाबून कमान दिली आणि लगेच तेलात बुडवले. सरळ असण्याचे सुख मला फारसे आठवत नाही. माझ्यासोबत गाडीला एक शॉकप लावला होता. लांबट नळी, आत तेल. आमची कामे वाटून दिलेली. खड्डा आला की मी वाकायचे, मग परत उसळायचे, आणि त्याने माझी उसळी आवरायची. तो नसता तर मी चेंडूसारखा उड्या मारत बसलो असतो. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

आमची गाडी एका बहीणभावाची होती. भाऊ गाडी चालवायचा. ताई मधमाश्या पाळायची. ज्या बागेत फुलोरा असेल तिथे तिच्या मधपेट्या न्यायच्या, फुले सरली की परत आणायच्या, हे गाडीचे मुख्य काम. दिवेलागणीला माश्या घरी परतल्या की ताई पेट्यांच्या दारांना जाळी लावायची, आणि उजाडता उजाडता आम्ही निघायचो. माझ्या डोक्यावर हजारो जीव गुणगुणत असायचे. रस्ता कसाही असो, तो दणका वर जाऊ द्यायचा नाही, एवढेच मला कळत होते.

पोचल्यावर ताई पेटी उघडून आतल्या मेणाच्या पोळ्यांवरून नजर फिरवायची. "एकही पोळं तुटलं नाही रे," ती म्हणायची. "गाडी आहे की पाळणा!"

भावाला वाटायचे, हे त्याच्या चालवण्याचे कौतुक आहे. मला वाटायचे, थोडे माझेही असेल. पण विचारणार कुणाला?

फुलोऱ्याचे दिवस नसले की भाऊ गाडीत विटा भरायचा, सिमेंट भरायचा, आणि "आणखी थोडं मावतंय" असे म्हणत वर आणखी भरायचा. मित्रांनो, "आणखी थोडं" या दोन शब्दांनी मी जितका खचलो तितका खड्ड्यांनी खचलो नाही. हळूहळू माझी कमान उतरली. शॉकपमधून तेल गळू लागले. ते कुणी पाहिले नाही. पाहिले असते तरी पुसले असते आणि पुढे गेले असते. गाडी मागून बसकी दिसू लागली. मला रिकाम्या गाडीचेही ओझे वाटू लागले. त्याच सुमारास माझ्या टोकाशी, गंजाच्या आड, केसाएवढी चीर पडली. ती फक्त मला ठाऊक होती.

मग ताईला टेकडीपलीकडची एक मोठी बाग मिळाली. बागेच्या वाटेवर मधोमध दगड वर आलेले होते. भाऊ वाट पाहायला गेला तेव्हा गाडीचे पोट खरवडून निघाले. तो थेट गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे आला.

मिस्त्री मितभाषी माणूस. शब्द जसा कानावर पडेल तसा घेणारा.

"गाडी उंच पाहिजे, मिस्त्री," भाऊ म्हणाला. "पाटे, शॉकप, सगळं नवं. आणि एकदम कडक! बघणारा बघत राहिला पाहिजे."

"कडक?"

"एकदम कडक."

"वर काय असतं?"

भाऊ थबकला. बाकड्यावर एक टेम्पोवाला आपल्या गाडीची वाट पाहत बसला होता. तो भावाला ओळखत होता. "काय असणार! दिवसभर माश्या मारतो हा," असे म्हणून तो हसला. गावभर हीच थट्टा चालायची. काम नसलेला माणूस माश्या मारतो आणि आमचा भाऊ माश्या वाहतो, एवढा जवळचा विनोद कोण सोडणार? भावाचे कान लाल झाले.

"विटा," तो मिस्त्रीला म्हणाला. "सिमेंट. असलंच काहीतरी."

विटा म्हटल्यावर मिस्त्रीने विटांचे पाटे काढले. जाड, ताठ, भरपूर कमानीचे. जोडीला तसेच करकरीत शॉकप. मला काढून भिंतीशी टेकवले. कुणी टाचा उंचावून उभे राहावे तशी गाडी उभी राहिली, आणि भाऊ ऐटीत निघून गेला. मला वाईट वाटले का? खरे सांगायचे तर नाही. मला झोप आली.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. ताई खाली उतरली. तिच्या हातात एक मधपेटी होती आणि पेटीच्या फटीतून मध ठिबकत होता. तिने झाकण उघडून पेटी मिस्त्रीसमोर ठेवली. पोळी चौकटींतून निखळून एकमेकांवर पडली होती. त्यांच्या मधे माश्या चिकटून मेल्या होत्या. राणीही.

"निम्म्या पेट्यांची ही गत झालीय, अर्ध्या वाटेतूनच परत फिरलो," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एवढे दणके कशाने बसले हो?"

"कडक पाहिजे म्हणाला," मिस्त्री म्हणाला.

"अहो, कडक म्हणजे झकास! हल्लीची मुलं तसंच बोलतात."

"माझ्याकडे कडक म्हणजे कडक." मिस्त्रीने पेटीत पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "विटा सांगितल्यान् त्यानं. माश्यांचं नाव नाही काढलं. मीही फिरून विचारलं नाही, तेवढं चुकलं माझं."

ताई भावाकडे वळली. "विटा?"

भाऊ जमिनीकडे पाहत होता. "सगळे हसतात गं ताई. म्हणतात, माश्या मारतो."

"हं. आजपर्यंत मारल्या नव्हत्यास," ताई म्हणाली. "आज मारल्यास."

पेटीतून मध ठिबकत राहिला.

मग ताई म्हणाली, "उरलेल्या पेट्या दोन दिवसांत बागेत पोचायला हव्यात. फुलं गळायला लागलीत. इकडे आता एक फूल नाही, त्या उपाशी मरतील. आणि याही फुटल्या, तर मी पुन्हा पेटीला हात लावणार नाही." तिची नजर फिरत फिरत भिंतीकडे आली. "तो जुनाच पाटा बसवा परत. त्याच्यावर कधी पोळं तुटलं नव्हतं."

मित्रांनो, माझे कौतुक इतक्या उघडपणे कधी झाले नव्हते, आणि ते झाले ते असे. मला धडकी भरली. माझ्यातली चीर टेकडीच्या चढावर तोंड उघडणार, हे मला ठाऊक होते. पण पाट्याला वाचा कुठे? मला वाटले, न्यावे मला. आणि वाटले, नको, आता खरेच नको.

मिस्त्रीने मला उचलून दोरीला टांगले आणि हातोडीने हलकेच टोला दिला. चांगला पाटा घंटेसारखा वाजतो. मी पाण्याने भरलेल्या मडक्यासारखा वाजलो.

"संपला हा," मिस्त्री म्हणाला. "खूप ओढलंय त्यानं. राहू दे."

राहू दे. एवढे दोनच शब्द. किती वर्षे मी त्यांची वाट पाहत होतो!

मग मिस्त्री भावासमोर उभा राहिला. "आता नीट सांग. वर काय असतं?"

टेम्पोवाला आजही बाकड्यावर होताच. भावाने त्याच्याकडे पाहिले आणि मोठ्याने सांगितले, "माश्या. जिवंत. मेणाची पोळी आणि त्यात मध."

"किती भरतात?" "येताना रिकामी असते का?" "दगड केवढाले?" मिस्त्री विचारत गेला. दगडाची उंची भावाने आपल्या नडगीवर हात ठेवून दाखवली. त्या दगडापुरतीच गाडी उचलायची असे ठरले, त्याहून बोटभरही जास्त नाही. पाटे पातळ पट्ट्यांचे, सहज वाकणारे. शॉकप जुन्याहून थोडे लांब, कारण गाडी उंच केली आणि शॉकप आखूडच राहिला तर खड्ड्यात तो ताणला जाऊन उखडतो.

"दिसायला काही खास दिसणार नाही हं," मिस्त्री म्हणाला.

"नाही दिसली तर नाही," भाऊ म्हणाला. "आणि विटा आता बंद."

टेम्पोवाला काहीतरी बोलणार होता. पण समोरच्या उघड्या पेटीकडे त्याची नजर गेली, आणि थोड्या वेळाने पेटी गाडीत ठेवायला त्यानेच हात लावला.

पेट्या बागेत पोचल्या. मला हे कसे कळले, तर फुलोरा सरल्यावर भाऊ मला शोधत आला म्हणून. मेणाने घट्ट बसलेली झाकणे उचकटायला ताईला एक पट्टी हवी होती. मिस्त्रीने माझ्या चांगल्या टोकाचा वीतभर तुकडा कापला, घासून धार दिली. बाकीचा मी भंगारात गेलो. त्याबद्दल तक्रार नाही.

आता मी ताईच्या हातात असतो. मित्रांनो, तुम्हाला उपदेश करावा इतकी माझी योग्यता नाही. एवढेच सांगतो की ज्याच्यावर ओझे ठेवाल त्याला ते कशाचे आहे हे खरे सांगा. आणि अधूनमधून वाकून गाडीखाली पाहत जा. तिथे कुणीतरी असते.

परवा ताईने मला पेटीच्या झाकणावर ठेवले होते. एक माशी आली आणि माझ्यावर बसली. जुन्या सवयीने मी वाकायला गेलो.

तिचे वजनच नव्हते.