घारीच्या पायातली वादी

"आली! देवाची घार आली!"

आरोळी उठली आणि अख्खं लांबघर बाहेरच्या माचांवर लोटलं. म्हातारे, पोटुशा बाया, अंगावर पिणारी पोरं घेतलेल्या लेकुरवाळ्या, सगळ्यांच्या माना वर. आमचं गाव म्हणजे नदीकाठी एकाच छपराखाली राहणारी कुटुंबं. प्रत्येकाचं दार वेगळं, दारापुढचा धान वाळवायचा बांबूचा माच वेगळा. तोंडं मात्र त्या सकाळी सगळ्यांची सारखीच उघडी होती.

मधोमध मानांग सेमाडा उभा होता. मानांग म्हणजे आमचा देवऋषी. हा नदीच्या खालच्या अंगाहून होडीने आलेला. डोक्यावर धनेशाची पिसं, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात एक सोन्याचा दात. त्याने प्रत्येक माचावर आपल्या हाताने एकेक ताट मांडलं होतं. ताटात लाह्या, अंडं, विड्याचं पान, वर केळीच्या पानाची फाळकी.

"हे सेंगालांग बुरोंग!" तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "लढाईच्या देवा! सात नद्या ओलांडून ये, आठवी आडवी आली तर तीही ओलांड! या घरात लपलेलं विष दाखव! तू ज्याच्या ताटावर उतरशील, त्याच्या पोटात तेपांग!"

तेपांग हा शब्द आमच्यात हळू आवाजातच उच्चारतात. नजरेत जन्मजात विष असलेला माणूस. तो बघेल ती वेल करपते, तो हात लावेल ते मूल मरतं. आणि त्या महिन्यात मिरीचे वेल मुळापासून काळे पडत होते, आणि मुखिया तुआई उंग्गातचा नातू तापाने गेला होता. मेलेल्या पोराचा बाप न्येलांग तेव्हापासून जेवला नव्हता. कोयता मात्र रोज घासत होता.

आम्ही इबान जमातीची माणसं. शेतावर निघालेला माणूस डाव्या हाताला नको तो पक्षी बोलला की घरी येऊन पुन्हा पांघरूण ओढतो. आणि तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार तर साक्षात देवाचं रूप. आमच्या या भोळेपणाचं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं, ते सेमाडाला बरोबर ठाऊक होतं.

घारीने नदीवरून एक फेरी मारली, पंख मिटले आणि ती सरळ टोकाच्या माचावर उतरली. तो माच इंदाई मेंगाचा. मेंगाची आई म्हणून तिला सगळे तसं म्हणतात; मेंगा कामासाठी दूर शहरात. माझी ती मावशी. विधवा, एकटी, मागावर चादरी विणणारी. तिच्या जमिनीवरच्या उंबराला फळं धरली की धनेश येतात आणि माझे पाहुणे खूश होतात. पाहुण्यांना पक्षी दाखवणं हाच माझा, म्हणजे तिंदिनचा, पोटाचा धंदा.

"सापडली!" सेमाडा किंचाळला. "विष तिच्या जुन्या रांजणात आहे! रांजण बाहेर काढा!"

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. न्येलांगने लाथेने दार फोडलं. माग तोडला, चुलीवरचं उपडं केलं. खांबांवरच्या घराखाली बांधलेलं मावशीचं डुक्कर कोणीतरी उगाचच भोसकलं आणि त्याच्या ओरडण्याने माणसं आणखीच चेकाळली. काल जिच्याकडून मीठ उसनं नेलं, तिलाच बायका झिंज्या धरून ओढत होत्या. पणजीपासून चालत आलेला, सोन्याच्या मोलाचा तो रांजण माचावर ओढला, तेव्हा मावशीने त्याचा गळा डाव्या हाताने घट्ट धरला होता. "सोड!" म्हणत न्येलांगने कोयता चालवला. दोन बोटं लाह्यांच्या ताटात पडली. पांढऱ्या लाह्या लाल झाल्या.

मी गर्दीत घुसलो तर कोणाचं तरी मुसळ माझ्या तोंडावर बसलं आणि दोन दात हातात आले. कोण ते आजही मला माहीत आहे, पण तो आता माझ्याशी नीट बोलतो, म्हणून नाव घेत नाही.

"आत्ताच संपवा!" सेमाडा म्हणाला. "टोपल्यात बांधा आणि नदीत सोडा!"

तुआई उंग्गात आडवा झाला. दयेने नव्हे, भीतीने. आमच्या रिवाजात कोणावर खोटा तेपांगचा आळ घेतला तर घेणाऱ्याला जबर दंड आहे. तो म्हणाला, "देव एकदा आला तर बोलाफुलाला गाठ म्हणतील. उद्या पुन्हा येऊ दे. पुन्हा तिच्याच माचावर उतरला, तर टोपलं मी स्वतः बांधीन."

मावशीला धान्याच्या कोठारात कोंडलं. हाताला पट्टी बांधायला मला जाऊ दिलं. पट्टी सारखी सैल पडत होती.

"घट्ट बांध रे," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे. उद्या नदीत टाकणारच आहेत, मग या हाताचे कशाला एवढे लाड?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. कोठारात उंदीर राजरोस धावत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी होडीतून येऊन बजावलं होतं की पोराचा ताप उंदरांच्या मुताने आलाय, कोठारं झाका, पाणी उकळा. त्यांचं ऐकायला कोण बसलं होतं? त्यांच्या डोक्यावर पिसं नव्हती ना!

बाहेर येऊन मी कॅमेरा उघडला. त्या कॅमेऱ्याची गावात आणि पाहुण्यांत सारखीच थट्टा. पाहुणे तोफांसारखी भिंगं खांद्यावर वाहतात आणि मला विचारतात, "हे खेळणं कुठल्या जत्रेत मिळालं?" भिंग बदलता येत नाही, जवळचं आणि लांबचं सगळं एकाच नळीत कोंबलेलं. जंगलाच्या अंधारात तो रवाळ चित्रं काढतो, हे मीही कबूल करतो. पण नदीवरच्या उघड्या उजेडात नळी पुरती बाहेर काढा, कोपर खांबाला टेकवा, श्वास धरा. पलीकडच्या काठावरच्या खंड्याच्या चोचीतला मासा कुठला, तेही तो सांगतो. सकाळी घार दिसताच माझं बोट सवयीने त्याच्या बटणावर दाबलेलं राहिलं होतं. देव असो की चिमणी, मी आधी फोटो काढतो.

एकेक फोटो मोठा करून पाहिला. घारीच्या शेपटीच्या पिसांची टोकं झिजलेली, मोडलेली. रानातल्या घारीची शेपटी अशी नसते. टोपलीत कोंडलेल्या पक्ष्याची होते, बांबूच्या काड्यांना घासून घासून. उजव्या पायात कातड्याची वादी. आणि शेवटच्या फोटोत चोचीत चंदेरी पट्टी. लाह्यांत मासा! आम्ही देवाच्या ताटात कच्चा मासा कधीच ठेवत नाही.

मी धावत तुआईकडे गेलो. फोटो दाखवले. माणसं गोळा झाली.

"वादी दिसतेय खरी," तुआई पुटपुटला.

सेमाडाने चष्मा वर केला, पडद्याकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "धन्य, धन्य! हे देवाचं कडं! लढाईचा देव काय उघड्या पायांनी येईल?"

"कडं! देवाचं कडं!" बायकांनी कपाळ टेकलं. माझ्या कॅमेऱ्याच्या पाया पडले हो लोक!

"आणि शेपटी झिजलीय ती?" मी ओरडलो.

"सात नद्यांचा प्रवास काय थोडा झाला?"

"आणि मासा?"

"देवाने वाटेत न्याहारी करू नये, असा तुझ्या बापाने कायदा केलाय का?"

सगळे हसले. न्येलांग हसला नाही. त्याने माझी गचांडी धरली. "माझं पोर गेलंय. उद्या मध्ये आलास तर मावशीबरोबर तुलाही बांधीन."

पालथ्या घड्यावर पाणी. फोटो त्यांना पटणार नव्हते, कारण फोटो माझे होते आणि अर्थ लावणारा सेमाडा होता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताटं मांडली गेली. मावशीला हात बांधून तिच्या माचावर उभं केलं होतं, शेजारी वेताचं टोपलं आणि त्यात भरायला दगड. मी माचाच्या खांबाला कॅमेरा टेकवून पलीकडच्या काठाचं एकेक झाड चाळत होतो; घार नदीवरून आली, म्हणजे सोडणारा तिकडेच असणार. आधी नळी थोडी आत घ्यायची, जागा हेरायची, मग पुन्हा बाहेर. घुबड शोधतो तसंच. वाळूच्या पट्ट्यामागे, झुडपात, निळा सदरा दिसला. कॅमेरा तसाच खांबाला फडक्याने करकचून बांधला आणि तुआईपुढे जाऊन उभा राहिलो.

"तुआई, ताटं बदला."

"काय?"

"मावशीचं ताट तुमच्या माचावर, तुमचं तिच्या. देवाला पापी माणसाचं दार माहीत आहे ना? मग ताट कुठलं का असेना!"

"हात लावाल तर हात झडेल!" सेमाडा मध्ये पडला.

"मग मीच लावतो. झडला तर मावशीच्या हाताला जोडी होईल."

तुआई सेमाडाकडे बघत राहिला. सकाळच्या गारव्यात सेमाडाच्या कपाळावर घाम होता. तुआईने मावशीचं ताट उचललं. पान सरकलं, माशाच्या वासाने त्याचं नाक हललं, पण त्याने ताट नेऊन आपल्या दारापुढे ठेवलं आणि आपलं तिच्यापुढे.

"आज वारा अशुभ आहे," सेमाडा घाईने म्हणाला. "देव आज यायचा नाही. उद्या बोलावू."

"आजच!" न्येलांग गरजला. त्याला रक्त हवं होतं. सेमाडा देवाला बोलावताना वाजवायचा ती घंटा त्याने स्वतःच बडवायला सुरुवात केली. पलीकडच्या माणसाला ही घंटाच खूण होती, हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक!

मी तुआईला ओढून कॅमेऱ्यामागे उभं केलं. "डोळा इथं लावा. हलू नका. काय दिसतंय ते मोठ्याने सांगा."

"झुडूप... निळा सदरा... हा तर मानांगची होडी वल्हवणारा! टोपली आहे मांडीवर. झाकण काढतोय..." तुआईचा आवाज चिरकला. "अरे! अरे, देव टोपलीत?"

घार वर आली, नदीवरून फिरली आणि थेट तुआईच्या माचावर उतरली. लाह्या उधळल्या, मासा ओढला आणि सगळ्यांसमोर गिळायला बसली.

मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे तेपांग तुआईच्या घरात?" आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. माणसं तुआईपासून दोन पावलं मागे सरकली आणि कोयते त्याच्याकडे वळले. जन्मभराचा मुखिया, पण घार बसली की संपला!

"मी बघितलंय!" तुआई ओरडला. "टोपलीतून सोडली! या, तुम्हीही बघा! तो अजून तिथंच बसलाय!"

एकेकाने डोळा लावला. रिकामी टोपली, निळा सदरा, बाजूला सेमाडाची होडी आणि होडीत दुसऱ्या गावांतले तीन रांजण. किती गावांत अशा किती मावश्या नदीत गेल्या, ते त्या रांजणांनाच ठाऊक. न्येलांगने सगळ्यात शेवटी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वळला.

सेमाडा माचावरून उडी मारायच्या बेतात होता. त्याला पाडलं. सोन्याचा दात पहिल्याच ठोशात गेला, चष्मा नाकात रुतला. काल मावशीच्या झिंज्या ओढणारे तेच हात, तेच मुसळ, तीच चेकाळलेली तोंडं. "टोपल्यात भरा याला!" न्येलांगने त्याची मान बांबूवर दाबून कोयता उचलला.

सेमाडाची कीव मला तेव्हाही आली नाही, आजही येत नाही. तरी मी खांबावरचा कॅमेरा ओरबाडला आणि पुढे घातला. कोयता नळीत घुसला. काचा उडाल्या, नळी उभी चिरली गेली, आणि पातं सेमाडाच्या कानापाशी अडकून राहिलं.

"बाजूला हो, तिंदिन! याने मला फसवलं!"

"याने घार सोडली," मी म्हणालो. "कोयता तू चालवलास."

न्येलांगने कोयता नळीतून उपसायला हिसका दिला. तेव्हा मागून मावशी बोलली. बांधलेल्या हातांनी, पट्टीतून रक्त ठिबकत असताना, अगदी मीठ मागावं तसं साध्या आवाजात.

"न्येलांग, काल पक्षी म्हणाला म्हणून मला तोडलंस. आज कॅमेरा म्हणाला म्हणून याला तोडतोयस. बाळा, तू स्वतः कधी विचार करणार?"

न्येलांगच्या हातातून कोयता सुटला. पोर गेल्यापासून न रडलेला तो माणूस माचावर बसून ढसाढसा रडला.

सेमाडाला आणि त्याच्या होडीवाल्याला पोलिसांकडे नेलं. त्याच होडीत न्येलांग आपणहून जाऊन बसला आणि तिथं स्वतःचा गुन्हा सांगितला. तुआईने सगळ्या गावाच्या वतीने रिवाजाप्रमाणे मावशीला दंड भरला. कोठारांना जाळ्या बसल्या, पाणी उकळून पिणं सुरू झालं. मिरीच्या मुळाशी साचणारं पाणी चर खणून काढलं, तेव्हा नव्या वेलांचं करपणं थांबलं. त्यांनाही कोणाची नजर लागली नव्हती. घारीच्या पायातली वादी मी कापली. मावशीची बोटं मात्र परत आली नाहीत. ती आता तीन बोटांनी विणते आणि गाठ चुकली की शिवी माझ्या नावाने हासडते.

लोक म्हणतात, तिंदिनच्या कॅमेऱ्याने मावशीला वाचवलं. साफ खोटं. त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या वादीला हेच लोक देवाचं कडं म्हणून नमस्कार करत होते. मावशीला वाचवलं ते ताट बदलून बघण्याने. म्हणून बाबांनो, माझं एवढंच सांगणं आहे. कोणी आभाळाकडे बोट दाखवून शेजाऱ्यावर कोयता उचलायला सांगू लागला, की आधी ताट बदलून बघा. उचललेला कोयता खाली ठेवता येतो. तुटलेलं बोट कोणताही देव जोडून देत नाही.