किरकोळ महत्त्वाची वाट

आउने मोइलानेनला माणसांचा राग यायला फारसं कारण लागत नसे, पण त्या शनिवारी कारण चांगलं भिंतीएवढं होतं. गावच्या सभागृहात, जिथे एरवी शिकारी मंडळाचे फोटो टांगलेले असतात, तिथे पडदा लावला होता आणि पडद्यावर एक गोल चकती उमटली होती. चकतीचा मोठा तुकडा राखाडी होता. राखाडी म्हणजे 'किरकोळ महत्त्व'. उरलेला फिकट निळा, म्हणजे 'थोडेफार महत्त्व'. गडद हिरवा रंग 'अत्यंत महत्त्वाचे'साठी राखून ठेवला होता, आणि तो कुठेच दिसत नव्हता.

"त्रेचाळीस जणांनी फॉर्म भरले," रासमुस म्हणाला. नगरपालिकेने पैसे मोजून दक्षिणेकडून आणलेला हा सल्लागार. "त्यावरून दिसतं की आहोवाराच्या रहिवाशांना स्कीची वाट किरकोळ महत्त्वाची वाटते. नकाशातून ती वगळायला हरकत नाही, असा आमचा निष्कर्ष."

हाच मनुष्य सकाळी त्या वाटेची पाहणी करायला गेला होता, तोही बूट घालून, स्की सरकायला बर्फात पाडलेल्या खाचांच्या मधोमध पाय रोवत. तीन किलोमीटरपर्यंत पावलापावलाला खड्डा. आहोवारात मुलाला चालता येऊ लागलं की पहिली शिकवण हीच असते, की स्कीच्या वाटेवर चालायचं नाही. या चाळिशीतल्या बाप्याला ती कुणी दिली नव्हती, आणि तो गावाला काय महत्त्वाचं ते सांगायला आला होता.

प्रकरण साधं होतं. टेकडी खाणीच्या कंपनीला हवी होती, कारण तिच्या पोटात निकेल आहे म्हणे. तळ्याचा काठ एका बिल्डरला हवा होता, कारण तिथे शहरातल्या लोकांसाठी साठ लाकडी बंगले बसतात म्हणे. आणि दोघांच्या मध्ये ही अकरा किलोमीटरची वाट आडवी आली होती. नगरपालिकेच्या नकाशावर ती 'विरंगुळ्याची वाट' म्हणून होती तोवर टेकडीत भोक पाडता येत नव्हतं आणि काठावर पायाही खणता येत नव्हता. नकाशातून एकदा ती गेली की सगळ्यांना रान मोकळं. खाणवाल्यांनी आधीच गावात लोकरीच्या टोप्या वाटल्या होत्या, त्यांच्या कंपनीचं नाव विणलेल्या. टोप्या उबदार होत्या, फुकट होत्या, त्यामुळे त्या घालून लोक सभेला आले होते. आउनेने येतानाच त्या मोजल्या होत्या. नऊ.

ही वाट आउनेच्या वडिलांच्या पिढीने कुऱ्हाडीने काढली होती. बायकांनी सूप रांधलं, पुरुषांनी झाडं पाडली, कुणी कुणाला एक पैसा दिला नाही. आणि गेले एकोणतीस हिवाळे ताइस्तो कार्पिनेन रोज पहाटे स्नोमोबाइलच्या मागे लोखंडी सांगाडा बांधून त्या वाटेवर दोन सरळ खाचा पाडत आला होता. ताइस्तो वर्षभरात जेवढे शब्द बोले तेवढे आउने एका कपभर कॉफीत संपवी.

"हे फॉर्म भरले कुणी?" आउने उठून उभी राहिली. "कुणाच्या हातांनी? मला बघू तर देत. रोज सकाळी मी घराबाहेर पडते तर माझ्यापुढे चार जण गेलेले असतात आणि मागून सहा येतात. शनिवारी तर चढावर रांग लागते. आणि फॉर्मवर किरकोळ? जीभ नाही ती नाही, निदान खूण करायला बोट तरी होतं की नाही तुम्हाला?"

नगरपालिकेची माणसं सोडली तर सभागृहात तेवीस जण होते. सगळ्यांनी कॉफीच्या कपात बघितलं.

खरं तर आउनेला उत्तर ठाऊक होतं. आहोवारात 'बरं आहे' याच्यावर स्तुती नसते. नवरी बरी दिसते, मटण बरं झालंय, मुलगा डॉक्टर झाला ते बरं झालं. उर्पो तोलोनेनचं घर जळून कोळसा झालं तेव्हा त्याच्या बापाने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की जरा आग लागली होती. असल्या गावात एक ते पाचचा कागद फिरवायचा आणि 'अत्यंत महत्त्वाचे' पुढे कुणी खूण करील अशी आशा धरायची! पाचवर खूण करणं म्हणजे चारचौघांत छाती बडवणं. हा शुद्ध मूर्खपणा आहे असं आउनेचं मत होतं, आणि हे मत ती गेली पन्नास वर्षं गावाला ऐकवत आली होती.

"फॉर्मवर नावं नाहीत," रासमुस म्हणाला, "पण खाली शेरे आहेत. वाचू का?" आणि तो वाचायला लागला. "'वाट बरी आहे.' 'तक्रार नाही.' 'अधूनमधून जातो. बायको गेल्यापासून जरा जास्त.' 'ठीक.' 'कधीकधी जाते. तिसऱ्या वळणावरची पाटी वाकली आहे, ती सरळ करावी.'"

मागून कुणीतरी खोकलं. वाकलेल्या पाटीची तक्रार तीन वर्षं गावात एकच व्यक्ती करत होती. आउनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सव्वीस हिवाळ्यांत दोन दिवस सोडले तर ती वाट तिने चुकवली नव्हती. एक नवऱ्याच्या दफनाचा आणि एक डोळ्याच्या ऑपरेशनचा. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, तिने स्वतः 'कधीकधी' लिहिलं होतं. तेव्हा ते किती शोभून दिसलं होतं.

"पाटी वाकलेलीच आहे," ती म्हणाली, आणि अब्रू झाकायला लगेच दुसऱ्यावर घसरली. "सगळ्यात वाईट कोणता फॉर्म आहे ते सांगा."

"एकाने 'वाट कधीच वापरत नाही' असं लिहिलंय," रासमुस म्हणाला. "पुढचे सगळे प्रश्न कोरे."

"कोण हा गाढव?"

शेगडीजवळच्या बाकावरून एक हात शाळेतल्यासारखा वर गेला. "मी," ताइस्तो म्हणाला.

"तू?"

"मी स्की करत नाही. गुडघा."

"अरे पण पुढचं का नाही भरलंस?"

"लिहिलं होतं, उत्तर 'कधीच नाही' असेल तर पुढचे प्रश्न सोडा." ताइस्तोने जरा विचार केला. "सोडले."

आउने मट्कन खाली बसली. ज्याने ही वाट एकोणतीस हिवाळे जिवंत ठेवली, त्याची नोंद अहवालात वाटेशी संबंध नसलेला मनुष्य म्हणून झाली होती, आणि ती करणारा तो स्वतःच होता. एवढा सरळ मनुष्य देवाने का घडवावा, असं तिच्या मनात आलं. मग आपणही काही वेगळं केलं नाही हेही आलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

नगरपालिकेतर्फे सभेचा अध्यक्ष झालेला उर्पो तोलोनेन, त्याच जळलेल्या घरातला, आता शहरात राहणारा, घसा खाकरून म्हणाला, "नियम सांगतो. कुणाला आपलं उत्तर बदलायचं असेल तर दोन वाजेपर्यंत इथेच, नाव सांगून, सगळ्यांसमोर बदलता येईल. आपली कारकून हेता लिहून घेईल. निम्म्याहून जास्तांनी, म्हणजे बावीस जणांनी पाच म्हटलं तर वाट नकाशावर राहील. अहवालातच तसं आहे. बरोबर ना, रासमुस?" आणि तो खुर्चीत आरामात रेलला. उर्पोला आपलं गाव पक्कं ठाऊक होतं. कागदावर, नाव न लिहिता ज्यांना पाच म्हणवलं नाही, ते सभेत उभं राहून काय म्हणणार होते?

घड्याळात दीड वाजला होता. कुणी उठलं नाही. कुणीतरी वेलचीच्या गोड पावाचा तुकडा मोडला.

आउने उठली. आयुष्यभर तिने गावाला वाट्टेल ते सुनावलं होतं, पण आपल्याला काही हवंय असं ती कधी बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. "आउने मोइलानेन," ती म्हणाली. "चार."

"चार म्हणजे 'बऱ्यापैकी महत्त्वाचे'," उर्पो गोड आवाजात म्हणाला. "चार धरता येत नाहीत."

"मला अंक शिकवू नकोस. तुला पाढे माझ्या आईने शिकवलेत." तिने टेबलाची कड धरली. "पाच. लिही, हेता. पाच. ती वाट नसती तर नवरा गेल्यावर मी घरात भिंतींशी बोलत बसले असते. झालं? खूश?"

एवढं उघडं कुणी आहोवारात बोललं नव्हतं. ऐकणाऱ्यांनाच लाज वाटली. मग, बहुधा ती लाज तिच्या एकटीच्या अंगावर राहू नये म्हणून, शाळेची जुनी बाई उठली आणि पाच म्हणाली. मग दुकानदार म्हणाला, "पाच, म्हणजे तसं काही विशेष नाही, पण पाच." बायको गेलेल्याने नाव सांगितलं आणि नुसता पंजा दाखवला. एक जण उठता उठता खाणवाल्यांची टोपी काढून खिशात कोंबत होता. आउनेने ते पाहिलं आणि तिला त्याची आणखीच कीव आली. वेइयोने मात्र टोपी काढली नाही. तळ्याकाठची त्याची जमीन बिल्डरने आधीच घेतली होती. "तीन," तो म्हणाला आणि खाली बसला.

"एकवीस," हेताने मोजून सांगितलं. उर्पोचं रेलणं संपलं होतं, पण चेहरा अजून शांत होता. दोनला सात मिनिटं होती.

उरला होता ताइस्तो.

"ताइस्तो, ऊठ," आउने म्हणाली.

"माझं उत्तर बरोबर आहे."

"वापरणाऱ्यांचीच मतं धरतात," उर्पो घाईने म्हणाला. "जो वाट वापरत नाही त्याला आकडा देता येत नाही. रासमुस, व्याख्या काढ."

रासमुसने फोनमध्ये शोधलं. "'वापर म्हणजे व्यायाम अथवा विरंगुळ्यासाठी वाटेवरून जाणे.'"

"रोज अकरा किलोमीटर जातो तो," आउने म्हणाली. "तुम्ही बूट घालून तीन गेलात तर थकलात."

रासमुस लाल झाला, पण त्याने ताइस्तोला नीट विचारलं. "तुम्ही विरंगुळ्यासाठी जाता का?"

"कामासाठी," ताइस्तो म्हणाला.

आउनेला वाटलं, कॉफीची किटली उचलून याच्या डोक्यात घालावी. उर्पो हसला. हेताने पेन खाली ठेवलं.

"काम?" आउने त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कुणी लावलंय तुला कामाला?"

"कुणी नाही."

"पगार किती?"

"पगार कसला?"

"उणे तीस असतं, गुडघा दुखतो, पेट्रोल तू स्वतःच्या पैशाने घालतोस, आणि आम्ही कृतघ्न लोक तुला एका शब्दाने विचारत नाही. मग मरायला जातोस कशाला रोज?"

ताइस्तोने जमिनीकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. उर्पोने दोनदा घड्याळ पाहिलं.

"तिथे बरं वाटतं," तो म्हणाला. "घरी नाही वाटत."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. साठीच्या माणसाने भरसभेत सदरा काढून छातीवरचं ऑपरेशन दाखवावं, तसं काहीतरी झालं होतं. त्या गावात त्या शब्दाचं वजन काय आहे ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आउनेच्या तोंडून, कधी नव्हे तो, टोमणा निघाला नाही.

"हा विरंगुळा झाला," रासमुस हळूच म्हणाला. "व्याख्येप्रमाणे. ते वाट वापरतात."

"आकडा सांग, ताइस्तो," हेता म्हणाली.

"पाच," ताइस्तो म्हणाला. "जाऊ का आता?"

उर्पोने कागदावर सही केली, अशी की निब मोडेल. वाट नकाशावर राहिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक उठले, कप विसळायला लागले, आणि कपांच्या आवाजात एकमेकांची नजर चुकवणं सगळ्यांना सोपं गेलं.

आउने पायरीवर ताइस्तोला गाठायला धावतच गेली. तो स्नोमोबाइलवर बसत होता. रासमुसच्या बुटांनी फोडलेले तीन किलोमीटर त्याला अंधार पडायच्या आत पुन्हा सरळ करायचे होते. आभार मानले असते तर तिची जीभ काही झडली नसती. एकोणतीस वर्षांत कुणीच मानले नव्हते, तीही नाही, आणि आज, आत्ता, ते तिच्या अगदी ओठांवर होते.

"चढावर डाव्या खाचेत बर्फ कमी पडतोय," ती म्हणाली.

"बघतो," ताइस्तो म्हणाला, आणि गेला.

ती पायरीवर उभी राहिली आणि तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.