शिवणीपासून शिवणीपर्यंत

"माणसाचं स्वातंत्र्य शेवटी त्याच्या स्वतःच्या हातात असतं," असं म्हणत निरीक्षकांनी ओलं फडकं पिळलं, आणि त्यातला एक टपोरा थेंब खुर्चीच्या उजव्या हातावर पडला.

दोघेही वाकून बघू लागले. थेंबाने क्षणभर तोल सावरला, मग कातड्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला. मागे राहिला तो एक काळपट गोल.

"आणखी एक डाग वाढला," वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट म्हणाले. ते मदतीला म्हणून आले होते आणि आत्तापर्यंत नुसते खिडकीला टेकून उभे होते. "स्वातंत्र्याचं काय म्हणत होतात?"

निरीक्षकांनी फडकं बाजूला ठेवलं. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी दुकानादुकानांत जाऊन दुसऱ्यांचे तराजू तपासले होते, आणि ते दिसले की भले भले दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहत. आता येत्या रविवारी मुलगा आणि सून येणार होते, आणि तपासले जाणार होते ते स्वतः.

गेल्या खेपेला सूनबाईंनी या खुर्चीच्या पाठीवर, डोकं टेकायच्या जागी, सहज एक बोट फिरवलं होतं. मग ते बोट पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, वळणाच्या होत्या. जाताना जिन्यात मुलगा म्हणाला होता, "बाबा, एकट्याने होत नाही आता तुमच्याने. पुढच्या वेळी नेतोच तुम्हाला." मुलाच्या नव्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार होती. तिला खिडकी होती, पंखा होता, आणि सध्या तिथे असलेलं इस्त्रीचं टेबल कुठेतरी हलवायचं, असं दोघांचं तत्त्वतः ठरलेलं होतं. निरीक्षकांना जायचं नव्हतं. इथे ते हवं तेव्हा उठत, हवं तेव्हा खात, आणि भांडण झालंच तर रेडिओशी करत. हे सगळं आता त्या बोटावर अवलंबून होतं.

खुर्ची उघड्या कातड्याची होती, म्हणजे वर रंगाचा किंवा चकाकीचा कसलाही थर न दिलेल्या. विकताना दुकानदाराने "हे लेदर श्वास घेतं, साहेब" असं अभिमानाने सांगितलं होतं. ते खातं-पितंही, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने निरीक्षकांच्या डोक्याचं तेल, हातांचा घाम, अधूनमधून चहा आणि एका तापात बामसुद्धा घेतला होता. पाठीवर डोक्याच्या आकाराचा एक काळा चट्टा होता. निरीक्षक खुर्चीत नसले तरी ते नुकतेच उठून गेलेत असं त्यामुळे वाटे.

"टूथपेस्ट लावा," डेंटिस्ट म्हणाले. "पांढरी."

"ती दातांना."

"डाग तो डाग. तेहेतीस वर्षं घासतोय मी."

"तुमचे पेशंट ओरडू तरी शकत होते, डॉक्टर."

निरीक्षकांनी चष्मा चढवला आणि कातड्याला लावायच्या कंडिशनरच्या बाटलीवरचा मजकूर कोर्टाचा निकाल वाचावा तसा मोठ्याने वाचला. उघड्या कातड्याला पाणी कधीही एकाच जागी लावू नये. लावायचंच तर शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा तुकडा सारखा, हलका ओला करावा, नाहीतर कडा उमटते. घासू नये. उन्हात वाळवू नये. आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावं.

"न दिसणारी जागा आता उरली नाही," डेंटिस्ट म्हणाले.

निरीक्षकांनी साबणाचा फेस मऊ फडक्यावर घेतला आणि सगळाच्या सगळा उजवा हात पुसून काढला. दुसऱ्या दिवशी तो वाळला तेव्हा गोल गेला होता. त्याबरोबर चहाही गेला होता, आणि आतून बिस्किटाच्या रंगाचं, तरुण कातडं वर आलं होतं. निरीक्षकांना आनंद झाला. तो त्यांची नजर डाव्या हातावर जाईपर्यंत टिकला. डावा हात हा खुर्चीचा आजवरचा सर्वांत सज्जन भाग. त्याच्यावर कधी काही सांडलं नव्हतं. पण आता उजव्याच्या शेजारी तोही गुन्हेगार दिसू लागला.

दुसऱ्या कुणी तिथे हात आखडता घेतला असता. पण ज्याने जन्मभर दोन पारडी एका रेषेत आणली, त्याला दोन हात दोन रंगांचे बघवेनात. त्यांनी डावा हात पुसला. मग बैठक मळकी वाटली, ती पुसली. मग पाठ. पाठीवरच्या तेलाला पाणी चालत नाही, म्हणून त्या चट्ट्यावर टाल्कम पावडर थापली, ती तेल ओढून घेईपर्यंत ठेवली, मऊ ब्रशने झटकली, पुन्हा थापली. खुर्ची न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखी दिसत होती. या सगळ्या काळात ती वाळत असल्यामुळे निरीक्षक खाटेवर बसून पाव खात होते. एकट्याने सगळं होतं हे सिद्ध करायच्या नादात स्वयंपाक मागे पडला होता.

चट्टा फिकट झाला, गेला नाही. निरीक्षक बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी अशा माणसालाच सुचेल असा निर्णय घेतला. चट्टा बाकीच्या खुर्चीइतका उजळ होत नसेल, तर बाकीची खुर्ची चट्ट्याइतकी काळी करायची. कंडिशनरने कातडं गडद होतं हे त्यांनी वाचलंच होतं. चट्टा सोडून सगळीकडे त्यांनी बोटाने पातळ हात दिला, तो मुरू दिला, मऊ फडक्याने पुसला, लांबून पाहिलं, आणि पुन्हा दिला.

"म्हणजे एक आरोपी सुटत नाही म्हणून सगळ्यांनाच आत टाकलंत," डेंटिस्ट म्हणाले.

"समान न्याय."

"सुनेला कळेल."

"काय कळेल? सगळं एकाच रंगाचं आहे."

ते खरं होतं. शनिवारपर्यंत खुर्ची एका खोल, शांत तपकिरी रंगावर येऊन स्थिरावली होती. चट्टा शोधायचा तर कुठे होता ते आधी माहीत असावं लागे. कातडं मऊ पडलं होतं. डेंटिस्टनी पहिल्यांदाच दात न काढता मान डोलावली.

रविवारी मुलगा दारातूनच थबकला.

"बाबा, कुणाला बोलावलं होतं?"

"कुणाला कशाला बोलावू?"

"मग हे कुणी केलं?"

"मी. एकट्याने."

खिडकीपाशी डेंटिस्ट खोकले, पण भर घातली नाही. सूनबाई पुढे आल्या. त्यांनी डोकं टेकायच्या जागी बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं, आणि मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: त्या खुर्चीत बसल्या. मागे रेलल्या. डोळे मिटले.

"किती मऊ आहे, अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"होतं म्हणजे तुमच्याने," मुलगा वडिलांना म्हणाला.

तपासलेल्या तराजूवर शिक्का मारावा तसं ते वाक्य निरीक्षकांना वाटलं. त्यांनी पाठ ताठ केली.

"मग येत नाही म्हणता?"

"मला इथे बरं आहे."

"खाली टेम्पो आणलाय, बाबा. तुमच्या सामानासाठी."

"परत पाठव."

"रिकामाच?"

सूनबाईंनी डोळे न उघडता खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवले.

"आपल्या हॉलमध्ये, त्या उभ्या दिव्याखाली, काय शोभेल ही."

मुलाचा चेहरा उजळला. "हे बरं सुचलं तुला. बाबा, तुम्ही येत नाही तर नाही. निदान खुर्ची तरी असू दे आमच्याकडे. घरात तुमचं म्हणून काहीतरी राहील."

"तिच्याशिवाय मला..." निरीक्षक म्हणाले आणि थांबले.

"करमणार नाही? मग तुम्हीही चला ना तिच्याबरोबर. टेम्पोत जागा आहे." मुलगा हे मनापासून म्हणाला. अडचण तीच होती.

निरीक्षकांनी डेंटिस्टकडे पाहिलं. डेंटिस्ट खिडकीबाहेर पाहत होते.

"न्या," निरीक्षक म्हणाले.

मग सूनबाईंनी चौकशीला सुरुवात केली. काय लावता, किती वेळाने लावायचं, उन्हाचा त्रास होतो का, पंख्याखाली ठेवलं तर चालेल का, काही सांडलं तर लगेच काय करायचं. निरीक्षकांच्या स्वतःच्या तब्येतीची इतक्या आस्थेने चौकशी या घरात आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी सगळं नीट सांगितलं. कंडिशनरची उरलेली बाटलीही दिली.

"आणि पाणी लावलंत, तर शिवणीपासून शिवणीपर्यंत."

"हो बाबा. अगदी जपेन. तुम्ही काळजीच करू नका."

मुलाने आणि टेम्पोवाल्याने खुर्ची उचलली. डेंटिस्टनी दार धरलं आणि "डावीकडे, डावीकडे, जरा उचला" अशा सूचना दिल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. खुर्ची जिना उतरून गेली. टेम्पोचा आवाज लांब गेल्यावर दोघे खाटेच्या कडेवर शेजारी शेजारी बसले, दवाखान्याबाहेर नंबर लावून बसावं तसे.

"जिंकलात म्हणायचं," डेंटिस्ट म्हणाले.

"हो."

"अभिनंदन."

"चहा टाकतो," निरीक्षक म्हणाले, आणि थोडा वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"पोचलो, बाबा."

"खुर्ची?"

"अहो, दारातून आतच जात नाहीये. आडवी केली, उभी केली, सगळं करून पाहिलं. हल्ली दारं अरुंद ठेवतात."

"माप घेतलं नव्हतं?"

"आम्हाला वाटलं जाईल."

"मग आता कुठे आहे?"

"खाली पार्किंगमध्ये. सावलीत आहे, काळजी करू नका. वॉचमन बसलाय तिच्यावर."