आरशातला डावा हात

परीक्षेच्या दिवशी आजीला सक्त ताकीद होती: तोंडातून ब्र काढायचा नाही. नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि वर्षभर तिचं विद्यापीठ म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप. पट्ट्या बांधायला ती शिकली तेही त्यातच बघून. आजचं प्रात्यक्षिक हुकलं की वर्ष गेलं. पेशंट व्हायला घरात रिकामं माणूस एकच, आजी.

"आणि मी शिंकले तर?"

"पेशंट शिंकत नाहीत, आजी."

आजीची हयात शिवणकामात गेलेली. नातीची खोड तिने केव्हाच हेरली होती. पडद्यावर स्वतःला आरशातल्यासारखी उलटी बघत पोरगी सरावात हमखास डाव्याचा उजवा करायची. दुकानातली गिऱ्हाइकं तरी काय वेगळी होती? आरशात बघून "डावी बाही सैल आहे" म्हणायची आणि बोट उजवीकडे. मग आजी त्यांना आरशाकडे पाठ करून उभं करायची. हे तिने नातीला दोनदा सांगून पाहिलं. "हे शिवणकाम नाहीये," असं उत्तर आलं, तेव्हा तिने तोंडाला टाका घातला.

पडद्यातल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "डावा हात मोडलाय. झोळी बांध."

नातीने त्रिकोणी पट्टी उचलली, पडद्याकडे पाहिलं आणि आजीच्या उजव्या कोपराला हात घातला. आजीने जीभ चावली, पण हात जागचा हलवला नाही. ताकीद म्हणजे ताकीद.

नात थबकली. एकदा पडद्याकडे, एकदा हाताकडे. "बाई, मी जरा तुमच्याकडे पाठ करते," म्हणत ती लॅपटॉपकडे पाठ करून आजीसमोर वाकली.

"आजी, कुठला हात दुखतोय?"

आजीने न बोलता डावा किंचित उचलला.

झोळी बांधून झाल्यावर बाई म्हणाल्या, "सकाळपासून अकरा जण झाले. चौघांनी धडधाकट हात बांधला. पेशंटला विचारणारी तू पहिली. पास."

कॅमेरा बंद झाला. नात खुर्चीत मटकन बसली.

"आता बोलू?"

"बोल की गं."

"गाठ नेमकी मानेमागे मणक्यावर आलीय. केव्हाची टोचतेय."

नात उठली, गाठ खांद्याकडे सरकवली. "बाईंना दिसली नाही."

"त्यांना कशी दिसेल? माझ्या पाठीमागे कुठं होता लॅपटॉप?"